गळकी गच्ची: भरवशाचा वॉटरप्रूफिंगवाला कसा शोधावा आणि काम झाल्यावर छप्पर कसं सांभाळावं

आमची इमारत ठाण्यात, नौपाड्यात. तळमजला अधिक चार, चोवीस घरं. मी सहा वर्षं सोसायटीची खजिनदार होते आणि त्या सहा वर्षांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा करावं लागलं. पहिलं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, चार दिवसांत उरकलेलं. ठेकेदार बोलायला गोड, दर सगळ्यात कमी आणि लेटरहेडवर ‘दहा वर्षांची गॅरंटी’. त्याच्या माणसांनी शेवाळ नीट न खरवडताच त्यावर पांढरं कोटिंग फिरवलं. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात ते कोटिंग पापडासारखं सुटून आलं. कडेला धरून ओढलं की हातभर लांब पट्टी निघायची आणि तिच्या पाठीला वाळलेलं शेवाळ तसंच चिकटलेलं असायचं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी देवघर दुसऱ्या खोलीत हलवलं. ठेकेदार फोन उचलेना.

दुसऱ्या वेळी आम्ही दसऱ्याला सुरुवात केली आणि मार्चअखेर काम संपवलं. तेव्हा जे शिकलो ते क्रमाने सांगते. बहुतेक गोष्टी सपाट गच्चीच्या आहेत, कारण ठाणे-नवी मुंबईत बहुतेकांच्या डोक्यावर तीच असते. पत्रा आणि कौलांबद्दलही पुढे आहे.

आधी पाणी शिरतं कुठून ते शोधा

ठेकेदाराला फोन करण्याआधीचं हे काम आहे आणि ते आपणच करायचं असतं. छतातून जिथे टपकतं, बरोबर त्याच्या डोक्यावर भेग असेलच असं नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. पाणी एका कोपऱ्यात शिरतं, कोबा स्पंजासारखा भिजतो आणि स्लॅबला जिथे कमकुवत जागा मिळेल तिथून, म्हणजे पंख्याच्या हुकातून किंवा विजेच्या पाइपाच्या तोंडातून, खाली उतरतं. म्हणून ‘इथे टपकतंय, वर इथेच सिमेंट मारा’ हा उपाय वर्षानुवर्षं फसतो.

वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात एक वही ठेवा. गळतीची तारीख, वेळ, कुठली खोली, आणि पाऊस कधी सुरू झाला होता, एवढंच लिहायचं. महिनाभराच्या नोंदी बऱ्याच गोष्टी सांगतात:

- पाऊस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत टपकलं, तर उघडी भेग किंवा पाइपाच्या भोवतीची फट.
- तीन-चार दिवस झड लागल्यावर टपकलं आणि पाऊस थांबल्यावरही दोन दिवस चालू राहिलं, तर कोबा भिजलेला आहे.
- छत कोरडं, पण पश्चिमेची भिंत ओली. तेही वाऱ्यासोबत पाऊस आला तेव्हाच. दोष गच्चीचा नाही. बाहेरचं प्लास्टर, खिडकीची चौकट किंवा कठड्याच्या माथ्यावरची भेग बघा.
- एप्रिल-मेमध्येही ओल तशीच असेल तर तिचा पावसाशी संबंध नाही. गच्चीवरची टाकी, तिचा ओव्हरफ्लो, नाहीतर शेजारच्या न्हाणीघराचा पाइप.

आमच्या वहीतून कळलं की दोन घरांतली गळती गच्चीची नव्हतीच, पाण्याच्या टाकीच्या आउटलेटची होती. पहिल्या वेळी आम्ही त्या भागावरही कोटिंगचे पैसे भरले होते.

छताकडे बघतानाही फरक ओळखा. नुसते पिवळट डाग किंवा पांढरी भुकटी असेल तर पाणी झिरपतंय. तपकिरी, सरळ रेषेत जाणारे गंजाचे डाग दिसले, किंवा प्लास्टरवर बोटाने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर आतली सळई गंजून फुगायला लागली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून ढकललं जातं आणि पोपडे पडतात. अशा वेळी वरून कितीही भारी कोटिंग मारलं तरी स्लॅब बरा होत नाही. आधी सैल काँक्रीट काढून, सळई तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने तो भाग भरावा लागतो, वॉटरप्रूफिंग त्यानंतर. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याला लागून असलेल्या कोपरी, कळवा, वाशी, नेरुळसारख्या भागांत हे विशेष जपा.

इमारत जुनी असेल तर हा निर्णय ठेकेदारावर सोडूच नका. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठी सरकारने ठरवलेल्या नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. ऑडिटमध्ये इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक निघाली तर ती रिकामीच करावी लागते आणि सी-२ए असेल तर रिकामी करून दुरुस्त करायची असते. तिथे गच्चीच्या कोटिंगवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

खर्च कोणाचा, हे सभेत आधीच मिटवा

यावर भांडणं होतात, म्हणून स्पष्ट लिहिते. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी पावसाच्या पाण्याची गळती आणि त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या घरांच्या छताचं खराब झालेलं प्लास्टर, दोन्हींची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. ‘वरच्यांचं छत आहे, वरचे बघतील’ हे चालत नाही. संडास-न्हाणीतून खालच्या घरात होणारी गळती मात्र त्या त्या सभासदाची जबाबदारी. ठराविक मर्यादेवरच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, तेव्हा ठराव आधी, वर्क ऑर्डर नंतर.

काम कधी काढायचं

पाहणी पावसाळा संपता संपता करा. डाग ताजे असतात आणि ठेकेदारही मोकळे असतात. काम डिसेंबर ते मार्चमध्ये. कोब्याचं काम असेल तर त्यावर निदान आठवडाभर पाणी साठवून ठेवावं लागतं, आणि उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की पहिली काटछाट तिथेच होते. कोटिंगला उलट खडखडीत कोरडा पृष्ठभाग हवा. आपल्याकडे मॉन्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून असली तरी वळवाच्या सरी मेमध्येच येऊन जातात. मेअखेर ‘चार दिवसांत करून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

माणूस कसा निवडायचा

आधी कामाचा तपशील, मग दर. आम्ही एका स्वतंत्र स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून कामाची यादी लिहून घेतली: किती चौरस फूट तोडकाम, वाटा (जमीन आणि कठड्याच्या कोपऱ्यातली गोलाई) किती रनिंग फूट, कोटिंगचे किती हात, डेब्रिज म्हणजे तोडकामाचा राडारोडा कोण उचलणार. तीच यादी चार ठेकेदारांना दिली. नाहीतर एकजण नुसत्या कोटिंगचा दर देतो, दुसरा कोबा काढून नव्याने करण्याचा, आणि आपण दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘हा स्वस्त’ म्हणतो. कन्सल्टंटने ‘माझा माणूस आहे’ म्हणून ठेकेदारही सोबत आणला, तर तो स्वतंत्र राहिला नाही.

ठेकेदार गच्चीवर आल्यावर काय करतो ते बघत राहा. आमच्याकडे आलेल्या चौघांपैकी दोघांनी मोबाइलवर दोन फोटो काढून जागच्या जागी आकडा सांगितला. तिसऱ्याने टेप काढून मापं घेतली. चौथा आधी चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या घरात गेला, छत बघितलं, मग वर आला. लहान हातोडीने कोब्यावर ठोकत दर दोन फुटांवर खडूने खुणा करत गेला: जिथे आवाज भरीव तिथे काही नाही, जिथे पोकळ तिथे फुली. अर्ध्या तासात आमच्या गच्चीचा नकाशाच तयार झाला. “ताई, सगळं तोडायची गरज नाही. हा टाकीकडचा पट्टा आणि दोन कोपरे उकलले की पुरे,” तो म्हणाला. स्वतःचं बिल कमी होईल असा सल्ला त्याने मागितल्याशिवाय दिला. काम त्यालाच दिलं.

जुनी कामं बघायला जा. गेल्या वर्षीचं नको, तीन पावसाळे काढलेलं काम मागा. तिथे सेक्रेटरीला भेटून परत येऊ नका, वरच्या मजल्याची बेल वाजवा. शक्य असेल तर ऑगस्टमध्ये जा. प्रत्यक्ष काम कोणाची माणसं करणार हेही विचारा. कोटेशन एकाचं, काम दुसऱ्या ठेक्यातल्या टोळीचं, हा प्रकार सर्रास चालतो आणि पुढे कोणी जबाबदारी घेत नाही.

कागदपत्रांत जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा, पॅन घ्या, आणि कामगारांचा विमा, ज्याला सगळे ‘डब्ल्यूसी पॉलिसी’ म्हणतात, तिची प्रत चालू तारखेची आहे ना ते बघा. कठड्याबाहेर परांचीवर माणूस चढणार असेल तर सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट करारात लिहा आणि त्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. पोटासाठी आलेला माणूस आपल्या इमारतीवरून पडता कामा नये. इथे दराची घासाघीस करू नये.

कोणता उपाय, कुठे

कोबा भक्कम असेल, फक्त बारीक भेगा असतील, तर भेगा उकलून भरायच्या आणि वर ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचं कोटिंग, सांध्यांवर जाळी घालून. कोबा मोठ्या भागात पोकळ वाजत असेल तर तो काढून नव्याने करणं भाग आहे. डांबरी मेम्ब्रेन, म्हणजे डांबराची चादर, उघडी ठेवली तर उन्हाने लवकर खराब होते, तिच्यावर संरक्षक थर हवा.

एक गोष्ट कधीही करू देऊ नका: जुना कोबा न काढता त्यावर दुसरा कोबा. साडेचार इंची कोब्याचं वजन एका चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. २,००० चौरस फुटांच्या गच्चीवर हे सुमारे ४० टन. तोडकाम आणि डेब्रिजचा खर्च वाचतो म्हणून हे सुचवलं जातं, पण तो भार जुन्या स्लॅबने कायमचा वाहायचा असतो.

खालून छतात नोझल ठोकून ग्राउट, म्हणजे भेगा बुजवणारं पातळ मिश्रण, भरण्याचा उपाय भर पावसात तात्पुरता उपयोगी पडतो. पण वरचं पाणी थांबलेलं नसतं. आमच्याकडे हॉलमधली गळती बंद झाली आणि महिन्याभरात बेडरूममध्ये उगवली.

करारात काय लिहायचं

स्टॅम्पपेपरवर करार करा आणि ‘संपूर्ण गच्ची वॉटरप्रूफिंग, एकरकमी’ असा मोघम मजकूर नको. प्रत्येक कामाचा दर वेगळा आणि शेवटचं बिल दोघांनी मिळून घेतलेल्या मापाप्रमाणे. मटेरियलचं नाव, किती हात, किती जाडी. अशा कामावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरला आहे की वर आहे ते लिहून घ्या. सोसायटीला ठेकेदाराचा टीडीएस कापावा लागतो, तेव्हा ऑडिटरला आधी विचारा.

पैसे टप्प्याने. आम्ही १० टक्के आगाऊ दिले, तोडकाम झाल्यावर, कोबा झाल्यावर आणि कोटिंग झाल्यावर असे हप्ते ठेवले आणि १० टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवली. निम्मे पैसे आधी मागणाऱ्याला काम देऊ नका. गॅरंटी कशाची आहे हेही वाचा. कंपनीची गॅरंटी मालाची असते. कोटिंग नीट लावलं नाही म्हणून गळलं तर ती उपयोगाची नाही, त्यासाठी ठेकेदाराची वेगळी लेखी हमी हवी: तक्रार केल्यावर किती दिवसांत येणार आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा.

काम चालू असताना वर जात राहा

रोज सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. मी नोकरी सांभाळून हे केलं, कोणालाही जमतं.

*कोटिंगच्या बादल्या मोजा.* मालाच्या तांत्रिक पत्रकात एका लिटरमध्ये किती क्षेत्र होतं ते छापलेलं असतं. समजा दोन हात मिळून एका लिटरला २० चौरस फूट होतात, तर २,००० चौरस फुटांना १०० लिटर, म्हणजे २० लिटरच्या पाच बादल्या लागणार. बादल्या सीलबंद आल्या का, तारीख कधीची आहे, हे बघून फोटो काढा आणि रिकाम्या बादल्या बिल चुकतं होईपर्यंत गच्चीच्या खोलीत कुलपात ठेवा. पाचाऐवजी तीनच भरल्या तर पाणी घालून पातळ केलंय, नाहीतर हात कमी मारलाय. पहिल्या कामात आम्ही हे मोजलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

*ओल तपासा.* कोटिंगच्या आदल्या दिवशी दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा गच्चीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून थेंब जमले असतील तर अजून थांबा.

*उतार बघा.* दर शंभर फुटांना निदान एक फूट, पावसाळी पाइपाच्या तोंडाकडे. पाणीनळीने लेव्हल लावून दाखवायला सांगा, किंवा सरळ दोन बादल्या पाणी ओता आणि कुठे थांबतं ते बघा.

*वाटा.* जमीन आणि कठडा मिळतात तो कोपरा काटकोनात ठेवायचा नाही, गोलाई द्यायची. तिथे कोटिंग कठड्यावर निदान फूटभर चढलं पाहिजे. पाइप जिथे स्लॅबमधून खाली जातो ती जागा आणि हा कोपरा, निम्म्या गळत्या इथल्याच. तिथे काम चालू असेल त्या दिवशी शक्यतो रजा काढा.

डेब्रिज कुठे टाकणार तेही विचारून ठेवा. रात्री टेम्पो भरून खाडीकिनारी, कांदळवनात ओतला जाणार नाही याची जबाबदारी काम देणाऱ्याचीही आहे.

पाणी साठवून परीक्षा

शेवटच्या मोठ्या हप्त्याआधी हे करायचंच. पावसाळी पाइपांची तोंडं बंद करा, सर्वांत उंच जागेवरही इंचभर पाणी राहील एवढं भरा, कठड्यावर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि ४८ ते ७२ तास ठेवा. वरच्या मजल्यावरची सगळी छतं दिवसातून दोनदा बघा, माळे आणि कपाटांच्या मागेही. उन्हाने पातळी थोडी उतरतेच, पण एका रात्रीत बोटभर उतरली तर पाणी कुठेतरी मुरतंय. इमारत कमकुवत असेल तर ही परीक्षा कन्सल्टंटला विचारल्याशिवाय घेऊ नका.

आमच्या परीक्षेत दुसऱ्या दिवशी जिन्याच्या छतात ताटलीएवढा डाग आला. ठेकेदार त्याच दुपारी आला, पाणी काढलं, जिन्याच्या उंबऱ्याखालचा सांधा पुन्हा उकलला आणि पाच दिवसांनी आम्ही परत पाणी भरलं. तेव्हा कुठे काकूंनी देवघर जागेवर आणलं.

पत्रा आणि कौलं

ऐरोली, कोपरखैरण्याच्या रो-हाउसवर किंवा गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर गळती बहुधा पत्र्यातून नसते, स्क्रूच्या भोकातून असते. रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो. दर दोन-तीन वर्षांनी वॉशरसकट स्क्रू बदलले की पत्रा वर्षानुवर्षं टिकतो. स्क्रू नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही. वादळी वाऱ्यात शेडचा पत्रा उडून रस्त्यावरच्या माणसाला लागू शकतो, म्हणून कडेचे स्क्रू दरवर्षी हाताने तपासा. नवी शेड घालायची तर आधी महापालिकेच्या परवानगीचं विचारा.

मंगलोरी कौलांची घरं चरईसारख्या जुन्या भागात अजून आहेत, आणि बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या वसाहतीतही उतरती छपरंच होती. कौलारू घर मृग लागायच्या आत शाकारून घ्यावंच लागतं: फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, आढ्यावरच्या कौलांचा चुना-सिमेंट बघायचा, पन्हळ साफ करायची. रीप आणि वासे कुजलेत का ते सुरीचं टोक खुपसून कळतं. शाकारणारे जाणते कारागीर कमी होत चालले आहेत. चांगला माणूस मिळाला तर त्याचा फोन जपून ठेवा आणि एप्रिलमध्येच दिवस ठरवा.

वर्षभर काय करायचं

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गच्ची रिकामी करून झाडून घ्या. जुने कमोड, प्लायवूड, मोडक्या सायकली यांच्या खाली पाणी आणि माती साठते. कुंड्या स्टँडवर ठेवा. मग पावसाळी पाइपांची तोंडं उघडून वरून बादली ओता आणि खाली कोणीतरी उभं राहून पाणी जोरात येतं का ते बघा. २,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १८,५०० लिटर पाणी, आणि असा दिवस आपल्याकडे दर पावसाळ्यात येतो.

जून ते सप्टेंबर दर आठवड्याला पावसाळी पाइपाच्या तोंडावरच्या जाळीवरची पानं काढायची. येऊरच्या जंगलाच्या बाजूला, उपवन-वसंत विहारकडे राहत असाल तर आठवड्यातून दोनदा. प्लॅस्टिकची एक पिशवी जाळीवर बसली तर गच्चीचं तळं होतं.

श्रावणात कठड्याच्या भेगांत पिंपळ-वडाची रोपं उगवतात. दोन पानं असतानाच काढा. खोड पेन्सिलएवढं झालं की नुसतं उपटून भागत नाही. मूळ आत तुटतं आणि पुन्हा फुटतं. मग तेवढा भाग उकलून, मूळ काढून बुजवावा लागतो.

दसऱ्यानंतर वही घेऊन पुन्हा एक फेरी, हातोडीसकट. नव्या भेगा खडूने मार्क करून फोटो काढून ठेवा.

आणि गच्चीची किल्ली एकाकडेच ठेवा. केबलवाला, इंटरनेटवाला, डिश बसवणारा वर जाऊन ड्रिलने भोक पाडतो आणि तिथे आपली हमीही संपते. आम्ही गच्चीच्या दारावर रजिस्टर टांगलं आहे. वर जाणाऱ्याने नाव आणि काम लिहायचं आणि स्लॅबला भोक पाडायचं नाही, स्टँड कठड्याच्या आतल्या बाजूला नाहीतर सिमेंटच्या ठोकळ्यावर बसवायचा. सोलर पॅनेल घ्यायचे असतील तर आधी वॉटरप्रूफिंग, मग ठोकळ्यांवर पॅनेल. उलट केलं तर पाच वर्षांनी सगळे उतरवावे लागतात. दिवाळीत भुईचक्र आणि भुईनळे नव्या कोटिंगवर लावू नका. आमच्या गच्चीवर रुपयाएवढे तीन काळे ठिपके पडले होते. ठेकेदाराने उरलेल्या बादलीतून तेवढेच भरून दिले, म्हणून कोटिंगची एक लहान बादली सीलबंद मागून ठेवा आणि झाकणावर तारीख लिहा.